ठाण्यात ठेवलेल्या रायफली

ज्याला युद्धाची मनापासून चीड आहे, त्याने बंदुकीवर जीव लावावा का?

पूर्वी कुणी मला हे विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. नाही! मी मामाकडे वाढले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात मामाचा पायाने चालवायचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून तो पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापायचा. हुंड्याविरुद्ध, गावठी दारूच्या गुत्त्याविरुद्ध, मुलींना सातवीनंतर घरी बसवण्याविरुद्ध, अणुबॉम्बविरुद्ध. ओली पत्रकं दोरीवर वाळत घालायचं काम माझं. वाचायलाही मी त्यांच्यावरच शिकले. माझ्या बोलण्यात अजून उद्गारचिन्हं फार असतात, असं अम्मी म्हणते, ते त्यामुळेच.

अब्बा सौदीत होते. तांबड्या समुद्राच्या काठी, जेद्द्याच्या उत्तरेला राबिघ म्हणून गाव आहे. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये ते लेथवर काम करायचे. वर्कशॉप एका म्हाताऱ्या शेखांचं. तेच अब्बांचे कफील, त्यांच्याच नावावर अब्बांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. शेख म्हणजे कुणी बडं प्रस्थ नव्हतं. तरुणपणी ट्रक चालवलेला, हाताला डिझेलचा वास मुरलेला माणूस. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनीच खटपट करून अम्मीचा आणि माझा व्हिसा मिळवला. कफील या शब्दाची मला आधीपासून चीड. एका माणसाने दुसऱ्याचा जामीन म्हणून त्याच्या उरावर बसायचं! त्यावर एक पत्रक मी मनातल्या मनात लिहूनच विमानात बसले होते.

शेखांना एकच नाद, एकबारी रायफलींचा. एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या, चांदमारीसाठी बनवलेल्या लांब नळीच्या रायफली. त्यातल्या दोन खरोखर जुन्या होत्या, त्यांच्या वडिलांच्या हातच्या. बाकीच्या जुन्याच घडणीवर नव्याने बनवलेल्या, परदेशातून मागवून जमवलेल्या. खालचा खटका ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरके. काडतूस आत ठेवायचं, खटका वर घ्यायचा, नेम धरायचा. बार झाला की रिकामी पुंगळी बाहेर, आणि परत पहिल्यापासून.

आमच्याकडे रानडुकरं आणि वानरं राखायला शेतकऱ्याला परवान्याची बंदूक मिळते. आमच्या घरी तशी ठासणीची बंदूक होती, त्यामुळे अब्बांना बंदुकीचं नवल नव्हतं. एका रायफलीची आतली पिन तुटली तेव्हा त्यांनी लेथवर दुसरी कातून दिली. शेखांनी ती बोटात फिरवून पाहिली, ओठांना लावली आणि लोखंडी कपाटाची किल्ली अब्बांच्या हातात ठेवली. ती पुढे अब्बांच्याच कमरेला राहिली.

शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर आम्ही पिकअपमधून डोंगरांच्या बाजूला जायचो. एका कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी शेखांनी चांदमारीची जागा केली होती. प्लायवूडच्या फळीवर कागद चिकटवलेला, कागदावर काळं वर्तुळ. मी आणि अम्मी गाडीच्या सावलीत चटई टाकून चहाचा थर्मास घेऊन बसायचो. शेखांचा एक नियम होता. बार झाला की बंदूक खाली ठेवायची आणि चालत जाऊन गोळी कुठे लागली ते डोळ्यांनी पाहायचं. पाहून परत आल्याशिवाय दुसरा बार नाही. दुर्बीण होती त्यांच्याकडे, पण ती गाडीतच पडलेली असायची.

"एवढं चालायचं कशाला?" मी एकदा अब्बांना विचारलं.

"शेखांचं म्हणणं, ज्याला बघायला जायचा कंटाळा त्याने झाडू नये." अब्बा हसले. "तेवढीच भूक लागते गो. तुझ्या अम्मीच्या भाकऱ्या उगाच संपतात काय?"

गोळ्या अब्बाच ओतायचे. कोळ्यांच्या जुन्या जाळ्यांना शिशाचे मणी असतात, ते वितळवून साच्यात. मग प्रत्येक गोळीला पातळ कागदाचा वेढा द्यायचा, म्हणजे शिसं नळीला चिकटत नाही. एकदा चांगला कागद संपला. अम्मीच्या लोणच्याच्या बरण्या गावाहून मामाच्या पत्रकांत गुंडाळून आल्या होत्या. मी शाळेत शिकवायच्या नोकरीसाठी अर्ज घेऊन जेद्द्याच्या अझीझिया भागात गेले होते. परत येऊन पाहते तर अब्बा अण्वस्त्रबंदीच्या मागणीच्या पट्ट्या कापून गोळ्यांना गुंडाळताहेत!

मी जे काही बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. अब्बांनी ऐकून घेतलं. शुक्रवारी त्या गोळ्या वर्तुळाच्या वीतभर बाहेर गेल्या. शेखांनी कागदाचा तुकडा चिमटीत धरला, उजेडात पाहिला, आणि हिंदी कामगारांकडून शिकलेल्या आपल्या हिंदीत म्हणाले, "बिंत, तेरा मामू का कागज मोटा है. सीधा नहीं जाता." बिंत म्हणजे मुलगी.

"पत्रक जड पडलं गो," अब्बा म्हणाले, आणि दोघं म्हातारे पोट धरून हसले. मला राग यायला हवा होता. मीही हसले.

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, आणि शुक्रवारांचा रंग गेला. रस्त्याने वाळूच्या रंगाचे ट्रक रांगेने जायला लागले. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावा, विषारी वायू आला तर दाराखाली ओला टॉवेल कोंबा, असं जो तो सांगे. जेद्द्याच्या शराफिया भागात आपल्या लोकांच्या दुकानांसमोर बॅगा बांधण्याच्या दोरीची गिऱ्हाइकं वाढली. आमच्या खोलीशेजारी किराण्याचं दुकान चालवणारे चाचा, आमच्याच किनाऱ्यावरचे, रोज बातमी आणायचे आणि रोज ती खोटी ठरायची. युद्धाला कोण जबाबदार, हे मी त्यांना तासन्‌तास सांगायची. चाचा साखर मोजत "बरोबर, बरोबर" म्हणायचे.

त्याच हिवाळ्यात एका शुक्रवारी शेख मला म्हणाले, "बोलती बहुत है. एक मार के देख."

मी नाही म्हटलं. तत्त्व म्हणून.

"अच्छा. तो सिर्फ चल के देख."

अब्बांनी बार केला आणि मी कागदापर्यंत चालत गेले. वाळूत पाय रुतत होते, बारुदाचा वास मागून येत होता. कागदाशी पोचले. काळ्या वर्तुळाच्या कडेला एक भोक, कडा आत वळलेल्या, फळीचं लाकूड पाठीमागून फुटून बाहेर आलेलं. एका गोळीने लाकडाचं काय होतं ते मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होते. पुढे जानेवारीत युद्ध पेटलं आणि टीव्हीवर रात्रीच्या आकाशातले हिरवे ठिपके दाखवून लोक नेमबाजीचं कौतुक करायला लागले, तेव्हा मला तो कागद आठवायचा. त्या नेमबाजांतलं कुणीही चालत जाऊन बघणार नव्हतं. बंदुकीवर जीव लावणाऱ्या त्या म्हाताऱ्याने हे मला शिकवलं, मामाच्या एकाही पत्रकात ते नव्हतं.

युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात शेखांच्या छातीत कळ आली आणि त्यांना जेद्द्याच्या इस्पितळात हलवलं. जाताना त्यांनी गाडीच्या खिडकीतून अब्बांचं मनगट धरलं. "मुअल्लिम, वो तेरे पास," एवढंच म्हणाले. मुअल्लिम म्हणजे उस्ताद, कारागीर. 'वो' म्हणजे रायफली, हे सांगायची गरज नव्हती.

रायफली वर्कशॉपच्या कपाटात, किल्ली अब्बांच्या कमरेला. आणि बाहेर नाक्यानाक्यावर तपासणी. अब्बांची झोप उडाली. घरांच्या झडत्या होणार, अशी चाचांची बातमी होती. वर्कशॉपचं कुलूप कुणीही फोडू शकलं असतं. युद्धाच्या दिवसांत त्या कुणाच्या हाती पडल्या तर शेखांना काय तोंड दाखवायचं, हाच घोर त्यांना लागला होता. शेखांच्या थोरल्या मुलाला विचारावं, तर तो इस्पितळात. निरोप पाठवला त्याचं उत्तर आलं नाही.

एके सकाळी चहा पिता पिता अब्बांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आपल्याकडे निवडणुकीत काय करतात?" ते अम्मीला म्हणाले.

अम्मीला लगेच समजलं. आमच्याकडे निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायच्या असतात. हवालदार प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधतो, पावती देतो. मतमोजणी झाली की पावती दाखवून आपली बंदूक आपण परत आणायची. लहानपणी अब्बा आजोबांबरोबर जायचे. ठाण्यात सगळ्या गावच्या बंदुका भिंतीला ओळीने टेकून असायच्या. तिथे ठेवलेली वस्तू कधी हरवली नाही. घरापेक्षा सुरक्षित जागा म्हणजे ठाणं, हे अब्बांच्या हाडात होतं.

"हे तर निवडणुकीपेक्षा मोठं," अब्बा म्हणाले. "आता जमा करायच्या, लढाई संपली की शेख स्वतः जाऊन आणतील. कुणाचं काय म्हणणं नको."

"इस्त्रीचा शर्ट घाला," अम्मी म्हणाली. "ठाण्यात जायचं म्हणजे..."

मला काही तरी खटकलं होतं का? खोटं लिहिणार नाही, नाही खटकलं. मीही त्याच गावची. त्यांनी एकेक रायफल तेल लावून पुसली, जुन्या चादरींत गुंडाळली, शेखांचं नाव अरबीत लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी प्रत्येकीला दोऱ्याने बांधली. काडतुसं वेगळ्या डब्यात. भर दिवसा, पिकअप चालवत, ते सरळ ठाण्यात गेले.

युद्ध चालू असताना परमुलखातला एक माणूस गाडीभर रायफली घेऊन ठाण्याच्या दारात उतरतो. पुढचं सांगायला नको. दुपारी चाचा दुकान उघडं टाकून धावत आले. अब्बांना आत घातलं होतं. रायफली कुठून आणल्या, कुणाला द्यायच्या होत्या, मागे कोण आहे, हे त्यांना विचारलं जात होतं. ते एकच सांगत होते, ठेवायला आणल्यात, पावती द्या.

त्यांची सुटका एकाच माणसाच्या शब्दावर होती. चाचांनी आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि जेद्दा गाठलं. इस्पितळात शेखांचा थोरला मुलगा दारातच उभा होता. त्याने आम्हाला आत सोडायला साफ नकार दिला. त्याचाही चेहरा उतरलेला होता. त्याच्या बापाचं नाव ठाण्यात निघालं होतं. आमचं बोलणं ऐकून एक नर्स बाहेर आली. "तुम्ही मराठी?" मिरजेकडची होती. ती त्या मुलाशी अरबीत हळू आवाजात काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, "एकटीच जा. पाच मिनिटं हं ताई. त्यांना त्रास देऊ नकोस."

शेख उशीला टेकून बसले होते. एवढे लहान ते मला कधी दिसले नव्हते.

"तेरा बाप," ते म्हणाले, "मेरा बंदूक शुरता को दिया."

शुरता म्हणजे पोलीस.

"दिया नहीं, शेख. रखने को दिया. वापस लाने के लिए. हमारे गाँव में ऐसा ही करते हैं. चुनाव में सब लोग बंदूक थाने में जमा करते हैं."

त्यांनी डोळे बारीक केले. "चुनाव?"

"वोट. लोग वोट देते हैं ना..."

"वोट देने को बंदूक क्यों देना?"

निवडणूक काय असते हे मला कोण सांगणार! मामाने अर्धी पत्रकं तिच्यावरच छापली होती. पण ज्याने आयुष्यात निवडणूक पाहिली नाही त्याला, पाच मिनिटांत, मोडक्या हिंदीत, मतदानाच्या दिवशी गावात भांडणं होतात इथपासून सुरुवात करून हवालदाराच्या चिठ्ठीपर्यंत कसं न्यायचं? मी सांगत गेले. आमच्याकडे मारामाऱ्या होतात म्हटलं, पोलीस पावती देतात म्हटलं. शब्दागणिक ते माझ्यापासून लांब जाताना दिसत होते.

"बिंत," त्यांनी मला थांबवलं. "इधर आदमी का बंदूक तब जाता है, जब वो हार गया. मेरा बाप ने मरने तक नहीं दिया. मैं बीमार हूँ, हारा नहीं."

नर्सने दारातून बोट दाखवलं. वेळ संपली होती.

शेखांनी मुलाला आत बोलावलं. माझ्यासमोर त्याला अरबीत सांगितलं, आणि मला कळावं म्हणून पुन्हा हिंदीत: "वो चोर नहीं है. किल्ली मैंने दिया. लिख दो, मैं दस्तखत करता हूँ." मुलगा काही बोलायला गेला, तेव्हा त्यांनी हात वर केला. कागद आला तशी त्यांनी सही केली. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"उसको बोल, मेरे सामने नहीं आना. खलास."

ज्याने आपल्याला दगा दिला असं त्यांना वाटत होतं, त्याला त्यांनी सोडवलं. कफील या शब्दावरचं माझं पत्रक त्या खोलीत फाटलं नाही; त्या पद्धतीला मी आजही अन्यायच म्हणते. एका माणसाचं सुटणं दुसऱ्याच्या सहीवर टांगलेलं असावं, हाच तो अन्याय. पण ती सही करणारा हात मी पाहिला आहे, आणि त्याच्याबद्दल वाईट बोलणं मला जमत नाही.

अब्बा सुटले ते देश सोडायच्या अटीवर. बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "शेख कसे आहेत? काय म्हणाले?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. ते चालता चालता उभे राहिले. कमरेला हात गेला; किल्ली पोलिसांनी काढून घेतली होती.

"सांगितलंस ना गो तू? निवडणुकीचं?"

"सांगितलं, अब्बा. नाही कळलं त्यांना."

"मी सांगितलं असतं तर कळलं असतं," ते म्हणाले. विमानतळावर जाताना त्यांनी बरोबरच्या पोलिसाला इस्पितळावरून गाडी घ्यायची विनंती केली, एकदा, दोनदा. तो तरुण पोलीस वाईट नव्हता. "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, चला, असं म्हणत त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी सरळ पुढे गेली.

आम्ही गावी आलो त्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक लागली. ठाण्यात बंदुका जमा व्हायला लागल्या. आमच्या घरची ठासणीची बंदूक आता काकांच्या नावावर आहे. ती जमा करायला काका निघाले, तेव्हा अब्बा न बोलता त्यांच्यामागे चालायला लागले. मीही गेले. भिंतीला बंदुका ओळीने टेकल्या होत्या. हवालदार पान चघळत चिठ्ठ्या बांधत होता, एका म्हाताऱ्याला चिडवत होता, "काय आजोबा, हिने डुक्कर मारलं काय कधी, का नुसती म्हातारीला धाक दाखवायला?" सगळे हसत होते. अब्बा उंबऱ्यापाशीच थांबले. काकांनी पावती घडी करून खिशात टाकली, तशी अब्बांनी ती मागून घेतली, उलगडली, खालीवर पाहिली.

"बघ ना," ते मला म्हणाले, "एवढंच तर होतं." आणि भर ठाण्यात, सगळ्यांच्या देखत, ते रडायला लागले. काय झालं ते कुणालाच कळलं नाही, कारण आम्ही सौदीहून का परतलो हे गावात कुणाला सांगितलं नव्हतं. हवालदाराने खुर्ची पुढे केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चाचा रजेवर आले आणि आमच्या ओट्यावर बसून सांगून गेले की शेख वारले. इस्पितळातून परत राबिघला आणलं होतं. रायफली परत मिळाल्या का, हे चाचांना माहीत नव्हतं. ते अब्बांनी विचारलंही नाही. त्यांनी विचारलं, "कुणी त्यांना नीट समजावलं काय शेवटी?" चाचा चहाचा कप खाली ठेवून उठले.

अब्बा हल्ली फार बोलत नाहीत. गावात कुणाची बंदूक बिघडली की लोक त्यांच्याकडे येतात. ते हात लावत नाहीत. गुन्हेगार म्हणून परत पाठवल्याचं त्यांना दुःख नाही, हे मी जवळून पाहते. एक माणूस आपल्याला दगाबाज समजून गेला, एवढाच काटा आहे, आणि तो काढायला त्यांना तिकडे आता कुणी जाऊ देणार नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी किंवा तुमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी या वर्षी हजला, उमऱ्याला किंवा नोकरीला तिकडे जाईल. जेद्द्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने मदीनेला निघालात की राबिघ लागतं. गाडी थोडा वेळ थांबवा. गावच्या कबरस्तानापाशी जा, पण आत जाऊ नका, गेलात तरी उपयोग नाही, तिथे कबरीवर नाव लिहीत नाहीत, नुसता दगड असतो. भिंतीबाहेर उभे राहा. मेलेल्याला ऐकू येतं की नाही यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. अरबी येत असेल तर अरबीत, नाहीतर आपल्या मराठीत मोठ्याने सांगा, की मुअल्लिमने रायफली देऊन टाकल्या नव्हत्या, तुमच्यासाठी ठेवल्या होत्या.

आणि परत आल्यावर या मासिकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. सांगितलं, एवढंच लिहा. मी ते अब्बांना वाचून दाखवीन.